पुनर्नियुक्ती आणि सेवाज्येष्ठता

बंगळुरूच्या पीन्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रशाळा असोत की इलेक्ट्रॉनिक सिटीतील संगणक उद्योग, मागणीनुसार तेथील मनुष्यबळ घटते आणि पुन्हा वाढते. अशा वेळी परत बोलावलेल्या कामगाराची जुनी सेवा मोजावी काय, हा प्रश्न उपस्थित होतो.

तात्पुरत्या कामबंदीत, म्हणजेच ‘ले-ऑफ’मध्ये, नोकरीचे नाते तुटत नाही, तो काळ सलग सेवेत धरला जातो. कपातीत मात्र भरपाई देऊन हे नाते संपुष्टात येते.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपात झालेल्या कामगारांना पुनर्नियुक्तीत अग्रक्रम दिला होता. त्याला कालमर्यादा नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ७२ ने हा हक्क कपातीपासून एक वर्षापुरता ठेवला आहे. जुनी ज्येष्ठता परत मिळेल, असे हे कलम म्हणत नाही.

खरा धोका येथेच आहे. ‘शेवटी आलेला आधी जाईल’ हे कपातीचे सर्वसाधारण तत्त्व असल्याने वीस वर्षांचा अनुभवी कामगारही परतल्यावर ज्येष्ठता यादीच्या तळाशी जाऊ शकतो आणि पुढील कपातीत प्रथम त्याचाच क्रमांक लागतो. ग्रॅच्युइटीसाठीची पाच वर्षेही नव्याने मोजली जाऊ शकतात. भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक मात्र तोच राहतो.

म्हणूनच ज्येष्ठता, रजा व ग्रॅच्युइटी यांपैकी कशासाठी पूर्वीची सेवा धरली जाईल, हे नियुक्तिपत्रात किंवा कामगार संघटनेशी होणाऱ्या करारात लेखी नमूद करणे उभयपक्षी हिताचे ठरते.