बांधा, विसरा, पुन्हा बांधा : एका प्राध्यापकाचा धडा



चारीला पाणी आले की दारे धरायला आपण रात्री-अपरात्री धावतो. पण चारीतला गाळ काढायचा म्हटले की जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. ह्याच दुखण्याचा अभ्यास केलेल्या एका प्राध्यापकांची ओळख आज करून घेऊ.

जॉन ब्रिस्को यांचा जन्म १९४८ सालचा, दक्षिण आफ्रिकेतला. केपटाऊनला ते स्थापत्य अभियंता झाले आणि अमेरिकेत हार्वर्डला डॉक्टरेट मिळवली. १९७० नंतरच्या दशकात ते बांगलादेशातील एका खेड्यात राहिले. तिथे पूर अडवणारा बांध घालायचा होता. त्याचा लाभ बड्या जमीनदारांनाच होईल, गरिबाच्या पदरात काही पडायचे नाही, असे त्यांचे मत होते. वीसएक वर्षांनी परत जाऊन पाहतात तो गावाचा कायापालट झालेला! बांधामुळे गरिबाचेही दिवस पालटले होते. आपला अंदाज चुकला, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. शिकलेल्या माणसाचा हा मोठेपणाच म्हणायचा.

पुढे मोझांबिकच्या पाणी खात्यात आणि नंतर जागतिक बँकेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. २००९ पासून ते हार्वर्डला प्राध्यापक होते. २०१४ साली त्यांना स्टॉकहोम जल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ते वारले. हेच पारितोषिक १९९३ साली आपल्या माधवराव चितळे यांना मिळाले होते.

भारताच्या पाण्यावर ब्रिस्को यांनी २००५ साली अहवाल लिहिला. त्यातला हिशोब असा : माणशी साठवण अमेरिकेत पाच हजार घनमीटरहून जास्त, चीनमध्ये सुमारे एक हजार, आणि भारतात जेमतेम दोनशे. म्हणजे धरणे हवीतच. पण त्यांचा दुसरा बोल जास्त झोंबणारा आहे. आपण बांधतो, दुर्लक्ष करतो आणि मोडले की पुन्हा बांधतो. पाणीपट्टी थकते, दुरुस्तीला पैसा उरत नाही, कालवा गळतो. मग शेतकरी विहिरीकडे वळतो, आणि विजेची मोटर भूगर्भ उपसून काढते.

ह्यात आपले काय? शेवटच्या टोकाला पाणी पोहोचले नाही, तर तिथल्या सभासदाचा ऊस वाळतो, आणि तेवढे टनेज आपल्याच कारखान्याचे घटते. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थेला हक्क दिले आहेत. तेव्हा पाणीपट्टी वेळेवर भरू, पाळी पाळू, आणि आवर्तनाआधी चारी साफ करू. चुकले तर, ब्रिस्कोंसारखे, चुकले म्हणू.