गाडीची किल्ली आणि घरची शिस्त



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आपल्या नागपूरकडे तान्हा पोळा भरतो. लहान मुलें लांकडी नंदीबैल सजवून रस्त्यानें मिरवितात. या सणांत मौज आहे, तसें शिक्षणहि आहे. ज्या हातीं पुढें खऱ्या बैलांचा कासरा यावयाचा, त्या हातीं प्रथम लांकडी बैलाची दोरी येते. पुढें शेतकऱ्याचा मुलगा बैलांना पाण्यावर नेतो, बापाच्या शेजारीं बंडीवर बसतो, रिकामी बंडी हांकतो, आणि मग कोठें भरली बंडी घेऊन एकटा बाजारास जातो. मध्येंच त्यानें बैल उगीच पळविले, तर बाप कासरा आपल्या हातीं घेतो. अशा बापाला कोणीं क्रूर म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

आतां पुष्कळ घरांतून बैल गेले आणि अंगणांत मोटारसायकल उभी राहिली. बैल गेले याचें येथें दुःख करावयाचें नाहीं. परंतु बैलांबरोबर ती पायरीपायरीची शिकवणहि गेली, हें मात्र विचार करण्यासारखें आहे. गाडीची किल्ली, जिला आपल्याकडे चाबी म्हणतात, ती मुलाच्या हातीं कशी येते तें पाहा. प्रथम ‘दूध घेऊन ये’, मग ‘आजीचें औषध आण’, मग शिकवणीला जाणें, मग मित्राला सोडून येणें. आणि अखेर एका रात्रीं तीन मुलें एका गाडीवर बसून हिंगणा मार्गावर शर्यत लावतात. किल्ली दिली कोणीं आणि कधीं, याचें उत्तर घरांत कोणालाच देतां येत नाहीं. जी वस्तु नियम न सांगतां दिली गेली, तिचा गैरवापर झाल्यावर शिक्षा कशी करावी, हा प्रश्न म्हणूनच अवघड होऊन बसतो.

प्रथम कायदा काय सांगतो तें पाहूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून कोणालाहि सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवितां येत नाहीं. अपवाद एकच आहे. सोळा वर्षें पूर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीला पालकाच्या लेखी संमतीनें परवाना काढून ५० सी. सी. पर्यंतच्या इंजिनाची, गिअर नसलेली दुचाकी चालवितां येते. आपल्या घरोघरीं असलेल्या १०० किंवा १२५ सी. सी. च्या गाड्या या अपवादांत बसत नाहींत. २०१९ सालीं या कायद्यांत जी सुधारणा झाली, तिनें अज्ञान मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला किंवा गाडीच्या मालकाला जबाबदार धरलें आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. ‘मला ठाऊक नव्हतें’ असें म्हणून सुटावयाचें असेल, तर तें सिद्ध करण्याचा भार पालकावरच आहे. शिवाय, परवाना नसलेल्या मुलाच्या हातून अपघात झाला, तर जखमी माणसाला दिलेली भरपाई विमा कंपनी गाडीच्या मालकाकडून वसूल करूं शकते. एका रात्रींत शेत विकण्याची पाळी येते ती अशी.

यावरून एक गोष्ट उघड होते. पंधरा वर्षांच्या मुलानें गाडी भरधाव चालविली, तर ‘त्यानें सवलतीचा गैरवापर केला’ असें म्हणतां येत नाहीं. कारण तशी सवलत देण्याचा अधिकार बापालाहि नव्हता. तेथें शिस्तीचा आरंभ बापापासून झाला पाहिजे. त्यानें मुलाला जवळ बसवून सांगावें कीं, ‘ही किल्ली मीं तुला द्यावयास नको होती. आजपासून ती माझ्याजवळ राहील. यांत तुझ्या अपमानाचें कांहीं नाहीं.’ असें सांगणारा बाप मुलाच्या नजरेंत उतरत नाहीं. उलट त्याचा शब्द पुढें अधिक मानला जातो.

कायद्यानें अठरा वर्षांची मर्यादा कां घातली, हें विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करून पाहावें. ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें ८ मीटर जाते. समोर कांहीं दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, असें धरूं. तेवढ्यांत गाडी सुमारें १२ मीटर पुढें गेलेली असते. नंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ती आणखी ५ मीटरांत थांबते. म्हणजे एकूण १७ मीटर. आतां वेग ताशीं ६० करा. ब्रेक दाबण्यापूर्वींच २५ मीटर संपतात, आणि थांबावयास आणखी २० मीटर लागतात. वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यानंतरचें अंतर चौपट होतें, कारण गतीची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. औद्योगिक वसाहतीचा ट्रक वळणावरून बाहेर येतो, तेव्हां समोर ४५ मीटर मोकळा रस्ता क्वचितच असतो. मागें दोन मित्र बसून ‘चल, आणखी जोरानें’ म्हणत असतां हें गणित आठवावयाचें नाहीं. तें आधींच अंगीं भिनलेलें असलें पाहिजे. भारतांत २०२२ या एका वर्षीं रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, म्हणजे रोज सुमारें ४६०.

आतां आपल्याच महाराष्ट्रांतील एक घटना सांगतों. १९ मे २०२४ रोजीं पहाटेपूर्वीं पुण्याच्या कल्याणीनगर भागांत एका भरधाव पोर्शे मोटारीनें मोटारसायकलीला धडक दिली, आणि तिच्यावरील एक तरुण व एक तरुणी, दोघेहि अभियंते, प्राणांस मुकले. मोटार चालवीत होता तो मुलगा सतरा वर्षांचा, असें पोलिसांचें म्हणणें होतें. बाल न्याय मंडळानें त्याच दिवशीं त्याला जामीन दिला, आणि ज्या अटी घातल्या त्यांत रस्त्यावरील अपघातांविषयीं तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. त्यावरून देशभर संताप उसळला. २२ मे रोजीं त्याला निरीक्षणगृहांत धाडण्यांत आलें, आणि २५ जून रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तेथून त्याची सुटका करण्याचा हुकूम दिला. मध्यंतरीं त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप ठेवून पोलिसांनीं डॉक्टरांना व मुलाच्या आईबापांनाहि अटक केली.

न्यायनिवाडा करण्याचें काम न्यायालयाचें आहे. तें आपलें नव्हे. परंतु प्रत्येक घरानें या घटनेंतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, तीनशें शब्दांचा निबंध ही शिक्षा लोकांना हास्यास्पद वाटली, ती निबंध लिहिणें वाईट म्हणून नव्हे, तर दोन जीव गेल्यावर ती सांगितली गेली म्हणून. तोच निबंध पहिल्यांदां उशिरां घरीं आल्याबद्दल एखाद्या आईनें लिहून घेतला असता, तर तो योग्य ठरला असता. लहान अपराधाला लहान शिक्षा वेळेवर मिळाली, तर मोठ्या शिक्षेचा प्रसंग बहुधा टळतो. दुसरी गोष्ट अशी कीं, मुलाचा अपराध झांकणें हें प्रेम नव्हे. पोलिसांनीं पकडल्यावर ओळखीच्या माणसाला फोन करून मुलाला सोडवून आणणारा बाप त्याला एकच धडा देतो: आपल्या हातून कांहींहि घडलें तरी तें दुसरा कोणी निस्तरील.

मग जो मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली आहे, ज्यांना रीतसर परवाना मिळाला आहे, त्यांनीं किल्लीचा गैरवापर केला तर काय करावें? अनुभवी पालक जें करतात तें येथें क्रमानें देतों.

नियम आधीं ठरवावे. किल्ली देण्यापूर्वींच एका कागदावर चार ओळी लिहाव्या: हेल्मेट घातल्याशिवाय निघावयाचें नाहीं, एकाहून अधिक माणूस मागें बसवावयाचा नाहीं, ठरलेल्या वेळेच्या आंत परत यावयाचें, गाडी मित्राला द्यावयाची नाहीं. त्याखालीं प्रत्येक नियम मोडल्यास काय होईल तेंहि लिहावें. मुलानें तो कागद वाचून आपली सही करावी. शिक्षा आधीं ठाऊक असली म्हणजे ती सूड वाटत नाहीं.

शिक्षा अपराधाशीं जुळती असावी. उशिरां आला, तर महिनाभर दिवेलागणीनंतर गाडी नाहीं. तिघे बसून गेला, तर कांहीं काळ त्यानें एकट्यानेंच जावें. वेग वाढविला, तर किल्ली बापाच्या खिशांत. पोलिसांनीं दंड केला, तर तो बापानें भरूं नये. मुलानें सुटीच्या दिवशीं शेतांत किंवा दुकानांत काम करून तो फेडावा. गाडीच्या अपराधाबद्दल जेवण बंद करणें, शाळा बंद करणें, पाहुण्यांच्या देखत पाणउतारा करणें किंवा हात उगारणें यांनीं गाडीविषयींची शिस्त येत नाहीं. मनांत अढी मात्र बसते.

रागाच्या भरांत शिक्षा सांगूं नये. मुलगा रात्रीं अकरा वाजतां परत आला, तर तो सुखरूप आला याबद्दल प्रथम त्याला जेवूं घालावें, आणि बोलणें सकाळीं करावें. या वयांत मन हळवें असतें. अपराध एका वस्तूच्या वापरासंबंधीं आहे, मुलावरचें आपलें प्रेम त्यानें उणें झालेलें नाहीं, हें त्याला शब्दांनीं कळलें पाहिजे. शिक्षेच्या दिवसांत त्याच्याशीं अबोला धरूं नये.

घराचा शब्द एक असावा. बापानें किल्ली काढून घेतली आणि आजीनें हळूच काकाच्या गाडीची दिली, तर शिस्त तेथेंच संपते. शेजाऱ्याला व मामालाहि सांगून ठेवावें.

गैरसोय सोसावी. पुष्कळ पालक येथेंच हरतात. किल्ली काढून घेतली कीं पहिल्या दिवशीं दूध कोण आणणार, धाकट्या बहिणीला शिकवणीला कोण पोंचविणार, हे प्रश्न उभे राहतात. २०२० सालीं लोकमान्यनगरपर्यंत मेट्रो आली, पण तेथून आपल्या गांवापर्यंतचें अंतर उरतेंच. मग चौथ्या दिवशीं बाप म्हणतो, ‘आजच्या पुरती घेऊन जा.’ त्या एका वाक्यानें सर्व नियम कागदावरच राहतात. ठरविलेले पंधरा दिवस बापानें स्वतः दूध आणावें, बहिणीला स्वतः पोंचवावें किंवा सायकल झटकून बाहेर काढावी. मुलाला दिलेली शिक्षा घरानें थोडी वाटून घेतल्यावांचून पुरी होत नाहीं.

मुलींच्या बाबतींत येथें विशेष काळजी घ्यावी. मुलाची किल्ली घेतली तर त्याची शर्यत बंद होते. मुलीची घेतली तर पुष्कळदां तिचें महाविद्यालयच बंद होतें. अपराधाची शिक्षा शिक्षणावर पडूं नये, म्हणून तिच्या येण्याजाण्याची सोय आधीं करावी आणि मग किल्ली घ्यावी. ‘मुलीला गाडी हवीच कशाला’ असें म्हणावयास ही संधि समजूं नये.

विश्वास पायरीपायरीनें परत द्यावा. न्यूझीलंड देशानें १९८७ सालीं नव्या चालकांसाठीं असा कायदाच केला: प्रथम शिकाऊ परवाना, मग रात्रीं एकट्यानें न चालविण्याची व तरुण मित्रांना बरोबर न घेण्याची मर्यादा असलेला परवाना, आणि मग पुरा परवाना. कॅनडा व अमेरिकेंतील अनेक प्रांतांनीं पुढें तीच रीत उचलली. बंडीवर शेजारीं बसवून शिकविणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही रीत मुळींच नवी वाटणार नाहीं. शिक्षा संपल्यावर पहिला आठवडा बापानें मागें बसावें, पुढचे कांहीं दिवस मुलानें दिवसाउजेडीं, एकट्यानें, जवळच्या कामाला जावें, मग पूर्ववत्.

खरें सांगणाऱ्याला सवलत असावी. मुलानें आपण होऊन अपराध सांगितला, तर शिक्षा निम्मी करावी. अजिबात माफ करूं नये. माफी दिली तर कबुली ही सुटकेची युक्ति होते, आणि सवलत दिली नाहीं तर मुलगा खोटें बोलावयास शिकतो.

आणि अखेर, बापानें स्वतः हेल्मेट घालावें. फोन कानाला लावून गाडी चालविणाऱ्या बापाचा लिहिलेला कागद कोणता मुलगा मानील?

विद्यार्थी मित्रहो, आतां दोन शब्द तुमच्यासाठीं. ‘वर्गांतले सगळेच चालवितात,’ हें तुमचें नेहमींचें उत्तर आहे. सगळे चालवीत असतील. पण अपघातानंतर दवाखान्याच्या दारांत सगळ्यांचे आईबाप उभे राहत नाहींत, एकाचेच राहतात. मित्र गाडी मागावयास आला तर ‘घरीं लिहून दिलें आहे’ असें सांगा. घरचा नियम अशा वेळीं तुमच्या उपयोगीं पडेल. अठरा वर्षें व्हावयाचीं असतील तोंवर सायकल चालवा. रस्त्याचे नियम, डावी बाजू आणि पादचाऱ्याला द्यावयाची वाट हीं सायकलवरहि तितकींच शिकतां येतात. आणि किल्ली काढून घेतली गेलीच, तर रुसून बसण्यापेक्षां आपण सही केलेला कागद पुन्हां वाचा आणि ठरलेले दिवस मोजा. ते दिवस जो मुकाट्यानें व नीट घालवितो, त्याच्या हातीं किल्ली परत देतांना बापाला भीति वाटत नाहीं.