मोत्याला बोटीवर नेण्याआधी

अगं पोरी, साऊथहॅम्प्टनहून शिडाच्या बोटीने इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला जायचं आणि मोत्यालाही न्यायचं ठरवलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. त्याला मागे ठेवलं असतंस तर तुझा निम्मा जीव घरीच घुटमळला असता. फक्त शिडं, दोर, डिझेल यांच्या यादीआधी मोत्याची यादी कर. तुला तहान लागली तर तू बोलशील, त्याचं मात्र तुलाच आधी ओळखावं लागणार.

कागदपत्रं

१. आधी परतीचा बेत कर, मग निघण्याचा – फ्रान्सहून ब्रिटनला कुत्रा खासगी बोटीतून आणता येत नाही, मान्यता असलेल्या मार्गानेच, म्हणजे तुमच्यासाठी फेरीबोटीने, आणावा लागतो. जाताना वारा विचारावा, येताना कायदा.

२. मोत्याबरोबर फेरीने कोण येणार आणि आपली बोट कोण आणणार, हे तुम्ही बोटीवरच्या दोघांनी बसून आत्ताच ठरवा – पायी प्रवाशाबरोबर कुत्रा सगळ्याच फेरीबोटी घेत नाहीत, आणि बंदरात उभं राहून घातलेला वाद कुणालाच गोड लागत नाही.

३. खासगी बोटीच्या या नियमावर चिडू नकोस – ब्रिटनने १९२२ मध्ये देशातून रेबीज घालवला. आपल्याकडे गल्लीतल्या कुत्र्याचा दात लागला की घराची काय धावपळ होते ते तू पाहिलंयस, तेव्हा त्यांची काळजी तुला कळेल.

४. व्हेटकडे गेलीस की मायक्रोचिप यंत्राने वाचून घे आणि नंबर कागदाशी ताडून बघ – रेबीजची लस चिप बसवल्याच्या दिवशी किंवा त्यानंतर टोचलेली असेल तरच धरतात.

५. बूस्टरची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिही – पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबावं लागतं, आणि बूस्टर एका दिवसाने हुकला तरी ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

६. सरकारमान्य व्हेटकडून मिळणारं ॲनिमल हेल्थ सर्टिफिकेट हवामानाचा अंदाज बघून, निघायच्या चार-पाच दिवस आधी घे – फ्रान्समध्ये शिरायला ते १० दिवसच चालतं. वारा माणसाला थांबवतो, तारखेला नाही.

७. मोत्याचे कागद पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, तुझ्या पासपोर्टशेजारी ठेव – तू पासपोर्ट आयत्या वेळी शोधतेस हे साऱ्या घराला ठाऊक आहे, निदान शोध एकदाच होईल.

८. कुत्र्यांच्या तपासणीची सोय असलेल्या बंदरातच आधी लाग, म्हणजे शेरबूरसारख्या, आणि येतोय म्हणून फोन कर – वाटेतला एखादा छान किनारा दिसला म्हणून मोत्याला तिथे उतरवलंस, तर सगळे खरे कागदही खोटे पडतील.

९. मांस किंवा दूध घातलेलं कुत्र्याचं खाणं ब्रिटनहून नेऊ नकोस – युरोपीय संघात ते नेता येत नाही. तिथे मिळणाऱ्या खाण्याचं नाव आधी शोध आणि पोहोचल्यावर तेच घे.

१०. परतीच्या जंताच्या औषधासाठी तिथल्या व्हेटची वेळ इथूनच घे – पट्टकृमीचं हे औषध ब्रिटनला पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत देऊन त्याची नोंद व्हावी लागते, आणि ऑगस्टात फ्रान्समधली निम्मी माणसं सुट्टीवर असतात.

११. भारतातून कुत्रा युरोपात आणू पाहणाऱ्या तुझ्या मैत्रिणीला सांग, तिने निदान पाच महिने आधी सुरुवात करावी – तिथून येताना लसीनंतर ३० दिवसांनी रक्ताची तपासणी लागते, त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण मिलीलिटरमागे ०.५ आययू किंवा जास्त यावं लागतं, आणि रक्त घेतल्यापासून आणखी ३ महिने थांबावं लागतं.

घरचा सराव

१२. कृत्रिम गवताचा एक तुकडा आण, आधी बागेत अंथर, मोत्या त्यावर शू करायला लागला की मग डेकवर ने – नीडल्सच्या खडकांपासून शेरबूर सुमारे ६० सागरी मैल आहे, म्हणजे ५ नॉटच्या वेगाने १२ तास, आणि शहाणा कुत्रा जागा ओळखीची नसली तर तेवढा वेळ रोखून धरतो.

१३. त्या तुकड्याच्या कोपऱ्याला भोक पाडून दोरी बांध – समुद्रात बुडवून ओढून घेतला की स्वच्छ. धुतल्यावरही थोडा वास राहिला तर राहू दे, त्याला जागा त्यावरूनच कळते.

१४. पाठीवर मूठ असलेलं लाईफ जॅकेट घे, आणि त्या मुठीने मोत्याला उचलून बघ – वीस किलोचा कुत्रा भिजला की किती जड होतो, ते धक्क्यावर कळलेलं बरं.

१५. काऊजला एक रात्र राहून ये – कुत्रा घाबरला तर घर दोन तासांवर असावं.

१६. तो पाण्यात पडला तर काय करायचं, याची तालीम करा: एकाने त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, दुसऱ्याने बोट वळवायची – आणि उडी कुणीही मारायची नाही, कारण मग दोघांना काढावं लागतं.

बोटीवर

१७. डेकवर असताना दोरी हार्नेसला लाव, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही – पाय घसरला तर पट्टा फास होतो. कठड्याला बारीक जाळीही बांधून घे.

१८. दर किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलीलिटर पाणी धर, म्हणजे मोत्यासाठी साधारण सव्वा लिटर, आणि वर निम्मं जास्त ठेव – गोडं पाणी समोर नसलं की कुत्रे खारं चाटतात, मग उलट्या-जुलाब.

१९. उन्हात डेकवर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघ – तुझ्या हाताला सोसवेना, तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. तोवर त्याला सावलीतच बसव.

२०. मासे धरायचा गळ वापरून झाला की लगेच डब्यात बंद कर – आमिषाचा वास कुत्रा गिळतो, काटा त्याच्या मागोमाग जातो.

२१. बोट लावताना मोत्या केबिनमध्ये, दार बंद – त्या दहा मिनिटांत सगळ्यांचे हात दोरांत असतात, आणि तो धक्क्यावर उडी मारायला टपलेला असतो.

२२. बोट लागण्याचं औषध व्हेटकडूनच घे, आणि कुठे दुखलं-खुपलं तरी आपल्या डब्यातली आयब्युप्रोफेन त्याला देऊ नकोस – माणसाची साधी गोळी कुत्र्याच्या जिवावर उठते.

२३. प्रसादाचा शिरा केलास तर बेदाणे तुमच्या वाटीत वरून घाल, त्याला भरवू नकोस – द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडतात. कांदा-लसूण घातलेली भाजीही नको. लाडाचा घास आधी वाचून द्यावा.

किनाऱ्यावर

२४. रबरी होडीत तू आधी बस, मग त्याला हाक मार – तो आधी शिरला की स्वागताला उभा राहतो, आणि होडी कलंडते.

२५. हिवाळ्याअखेर किंवा वसंतात दक्षिणेकडे गेलात तर पाइनच्या झाडांखाली मोत्याला मोकळं सोडू नकोस – रांगेने चालणाऱ्या केसाळ सुरवंटांना हुंगलं की जीभ सुजते, काळी पडते. तोंड भरपूर पाण्याने धू आणि लगेच व्हेट गाठ.

२६. दोन-तीन सरावांनंतरही तो थरथरत राहिला, खाईना, कोपरा सोडीना, तर त्याला माझ्याकडे ठेव आणि तुम्ही दोघं जा – त्याला नको असेल तर तेही ऐकायला हवं. मी त्याला रोज दोनदा फिरवीन, आणि तू रोज एकदा फोन कर.

– तुझी आत्या