बेडफर्डशायरचा शेरीफ : एका परगणा-अधिकाराची वाटचाल

मुंबईचा नगरपाल हे पद मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. दिलीपकुमार, सुनील गावस्कर यांसारख्या नामवंतांनी ते भूषविले. या पदाला मान मोठा, परंतु अधिकार जवळजवळ नाही. इंग्लंडच्या राजाने १७२६ मध्ये दिलेल्या सनदेने मुंबईत मेयरचे न्यायालय स्थापन झाले, आणि न्यायालयाचे हुकूम बजावण्यासाठी शेरीफही आला. नगरपाल हा त्याचाच वारस. मूळच्या भूमीत मात्र शेरीफ हा केवळ मानाचा धनी नव्हता. वसुली, बंदोबस्त, न्याय, तुरुंग आणि फाशी या साऱ्यांचा भार एकेकाळी त्याच्या एकट्याच्या शिरावर होता. लंडनच्या उत्तरेस असलेल्या बेडफर्डशायर या लहानशा परगण्यात ही सत्ता कशी वाढली आणि कशी ओसरली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

'शायर' म्हणजे परगणा व 'रीव्ह' म्हणजे कारभारी. या दोन जुन्या इंग्रजी शब्दांच्या जोडातून 'शेरीफ' हा शब्द झाला. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले तेव्हा हे पद अस्तित्वात होतेच. विजेत्यांनी ते मोडले नाही, त्यावर आपली माणसे बसविली. १०८६ च्या 'डूम्सडे' या प्रसिद्ध जमीनपाहणीत बेडफर्डशायरच्या शेरीफचा, राल्फ टेलबोइसचा, वारंवार उल्लेख येतो, आणि तो फारसा गौरवाचा नाही. इतरांच्या ताब्यातील जमिनी त्याने राजाच्या खासगीत ओढल्याच्या तक्रारी तेथे नोंदलेल्या आहेत. सरकारी दप्तरातच सरकारी अधिकाऱ्याविरुद्ध साक्ष उतरली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

या जुलमाचे मूळ पद्धतीतच होते. शेरीफ परगण्याचा महसूल मक्त्याने घेत असे. ठरलेली रक्कम राजाकडे भरली की वरचा वसूल त्याचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मामलतींच्या मक्त्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना याचे परिणाम निराळे सांगावयास नकोत. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेर, शेरीफला राजाच्या खजिन्यापुढे हजर व्हावे लागे. चौकटीचे कापड अंथरलेल्या मेजावर सोंगट्या मांडून त्याचा हिशेब होई. खजिन्याचे 'एक्स्चेकर' हे नाव या बुद्धिबळाच्या पटासारख्या कापडावरूनच पडले. भरणा झाला की लाकडी काठीवर खाचा पाडून ती उभी चिरीत आणि एक फाळ शेरीफला पावती म्हणून देत. (१८३४ मध्ये अशा जुन्या काठ्या भट्टीत जाळताना पार्लमेंटचे भवनच आगीत भस्मसात झाले.) हिशेबाच्या गुंडाळ्यांपैकी ११३० ची गुंडाळी आज उपलब्ध असलेल्यांत सर्वांत जुनी आहे.

शेरीफांना आवर घालण्याचे यत्न राजांनीही केले. दुसऱ्या हेन्रीने ११७० मध्ये त्यांच्या कारभाराची चौकशी लावली व बहुतेकांना दूर केले. ११९४ मध्ये कोणाही शेरीफने आपल्याच परगण्यात न्यायाधीश होऊ नये असे ठरले, आणि राजाच्या हक्काच्या खटल्यांची नोंद ठेवण्यासाठी कॉरोनर हा स्वतंत्र अधिकारी निर्माण झाला. १२१५ च्या 'मॅग्ना कार्टा'त तर शेरीफ हा शब्द पुनःपुन्हा येतो. राजाच्या हक्काचे खटले त्याने चालवू नयेत. स्वतंत्र नागरिकाची घोडी व गाड्या त्याच्या संमतीवाचून नेऊ नयेत. कायदा जाणणाऱ्यासच ते पद द्यावे. ही कलमे वाचली म्हणजे खेड्यापाड्यांतील लोकांचा रोष नेमका कशावर होता हे समजते. दाराशी बांधलेली गाडी सरकारी कामासाठी कोणी ओढून नेली, तर सनदांची थोर तत्त्वे कोणाच्या उपयोगी?

सनदेने सर्व काही सुधारले असे मात्र नाही. जॉन राजाचा भाडोत्री सरदार फॉक्स द ब्रोते हा एकाच वेळी अनेक परगण्यांचा शेरीफ होता आणि बेडफर्डचा किल्ला त्याच्या ताब्यात होता. जॉनच्या मृत्यूनंतर त्याची पदे काढून घेण्यात आली. १२२४ मध्ये डन्स्टेबल येथे बसलेल्या न्यायाधीशांनी बळकावलेल्या जमिनींबद्दल त्याच्याविरुद्ध निकाल दिले, तेव्हा त्याच्या भावाने त्यांच्यापैकी एकाला धरून किल्ल्यात कोंडले. तरुण तिसऱ्या हेन्रीने स्वतः येऊन किल्ल्याला वेढा दिला. आठ आठवडे लढा चालला. शेवटी किल्ला पडला, ऐंशीहून अधिक शिबंदीला फाशी झाली आणि तटबंदी पाडण्यात आली. तिची मातीची टेकडी बेडफर्ड गावात आजही उभी आहे.

यानंतर शेरीफची सत्ता हळूहळू वाटली गेली. १३४० मध्ये पदाची मुदत एक वर्षाची झाली. १३६१ पासून शांतता न्यायाधीशांनी स्थानिक न्यायदान हाती घेतले. पार्लमेंटच्या निवडणुका घेणे हे काम मात्र शेरीफकडे राहिले, आणि त्याचा राजाने डावपेच म्हणूनही उपयोग केला. निवडणूक घेणाऱ्याला स्वतः उभे राहता येत नाही, म्हणून पहिल्या चार्ल्सने १६२५ मध्ये आपला टीकाकार, थोर कायदेपंडित एडवर्ड कोक याला शेजारच्या बकिंगहॅमशायरचा शेरीफ नेमून टाकले! सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बेडफर्डशायर व बकिंगहॅमशायर यांना मिळून एकच शेरीफ असे.

परगण्याचा तुरुंगही शेरीफच्याच अखत्यारीत होता. बेडफर्डच्या तुरुंगात जॉन बन्यन हा धर्मोपदेशक परवानगीवाचून प्रवचने केल्याबद्दल १६६० पासून बारा वर्षे बंदी होता. त्याच्याच ग्रंथाचे हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठी रूपांतर केले. त्याच्यामागून शंभर वर्षांनी, १७७३ मध्ये, जॉन हॉवर्ड हा जवळच्या कार्डिंग्टनचा जमीनदार शेरीफ झाला. हॉवर्ड राज्यमान्य चर्चच्या बाहेरचा असल्याने हे पद स्वीकारण्यात त्याला कायद्याचा धोका होता. तो त्याने पत्करला. इतर शेरीफ न्यायाधीशांची सरबराई करून तुरुंगाचे काम हाताखालच्यांवर सोडीत. हॉवर्ड स्वतः आत गेला.

तेथे त्याला दिसले ते असे. ज्युरीने निर्दोष ठरविलेली माणसे, इतकेच नव्हे तर ज्यांच्यावर आरोपच उभा राहिला नाही अशीही माणसे, पुन्हा कोठडीत डांबली जात होती. कारण तुरुंगाधिकाऱ्याला पगार नव्हता. कैद्यांकडून मिळणारी फी हेच त्याचे उत्पन्न. फी भरेपर्यंत सुटका नाही. मक्त्याची जुनी पद्धत वरून गेली होती, ती तळाशी अशी शिल्लक राहिली होती. तुरुंगाधिकाऱ्याला परगण्याच्या निधीतून पगार द्यावा, अशी हॉवर्डने शांतता न्यायाधीशांना विनंती केली. त्यांनी विचारले : अन्यत्र असा पूर्वाधार आहे काय? कचेरीचा अनुभव असलेल्यांना या प्रश्नाचे नवल वाटणार नाही. नवल हॉवर्डच्या उत्तराचे. तो घोड्यावर बसून शेजारच्या परगण्यांत पूर्वाधार शोधीत निघाला. पूर्वाधार मिळाला नाही. तोच अन्याय सर्वत्र मिळाला. १७७४ मध्ये त्याने कॉमन्स सभागृहापुढे साक्ष दिली, आणि त्याच वर्षी निर्दोष ठरलेल्यांना फीवाचून सोडण्याचा व कैद्यांच्या आरोग्याचा असे दोन कायदे झाले. कायदे कागदावरच राहतात की काय हे पाहण्यासाठी तो पुन्हा तुरुंगामागून तुरुंग हिंडला. तुरुंगातील तापाने मरणाऱ्यांची संख्या फाशी जाणाऱ्यांहून अधिक आहे, हे त्याने १७७७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. १७९० मध्ये रशियन साम्राज्यातील खेरसन येथे तो वारला.

एकोणिसाव्या शतकात पोलीस आले आणि १८७७ च्या कायद्याने तुरुंग मध्यवर्ती सरकारकडे गेले. १९७२ मध्ये फिरती न्यायालये संपली. २००४ पासून उच्च न्यायालयाच्या हुकमांची अंमलबजावणीही शेरीफकडून निघून स्वतंत्र अधिकाऱ्यांकडे गेली. २००९ मध्ये बेडफर्डशायरची परगणा परिषदच विसर्जित झाली. शेरीफचे पद मात्र टिकले. एक वर्षाची मुदत, वेतन नाही, खर्च पदरचा. दरवर्षी १२ नोव्हेंबरला लंडनच्या न्यायालयात उमेदवारांची नावे वाचली जातात, आणि मार्चमध्ये राजा चर्मपत्रावरील निवडलेल्या नावापुढे आरीने छिद्र पाडतो. पहिली एलिझाबेथ बागेत शिवणकाम करीत असता लेखणी जवळ नव्हती म्हणून तिने सुई वापरली, अशी आख्यायिका सांगतात. परंतु तिचा आजोबा सातवा हेन्री याच्या काळातही ही रीत होती. शाई खरवडता येते. कातड्यात पडलेले छिद्र बुजविता येत नाही.