शाई न पिणारा कागद

अगं, तुझ्या दिवाळी कार्डाचा फोटो बघितला. ठसा सुरेख उमटला होता गं, नंतर बोट लागून त्याचा फराटा झालाय. रात्रभर पंख्याखाली ठेवूनही शाई वाळली नाही म्हणून तू स्वतःच्या हाताला दोष देत बसली असशील, मला ठाऊक आहे. अजिबात देऊ नकोस. या कागदाला, म्हणजे व्हेलमला, शाई पिताच येत नाही. हे एकदा नीट समजून घेतलंस की पुढच्या निम्म्या युक्त्या तुझ्या तुलाच सुचतील.

साध्या कागदाच्या तंतूंमध्ये हवेच्या बारीक फटी असतात. शाई त्यांत मुरते, आणि उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो म्हणून कागद पांढरा दिसतो. व्हेलमचा लगदा इतका कुटतात की तंतू एकमेकांना घट्ट बिलगतात, फटी जवळजवळ उरतच नाहीत. उजेड आरपार जातो, शाईला मात्र शिरायला जागा नसते. म्हणजे ज्या गुणाला भुलून आपण तो घेतो, तोच गुण आपल्याला छळतो. घडी घातलीस की पांढरी रेघ उठते ना? तिथे तंतू सुटून हवा शिरलेली असते. संपलेल्या बॉलपेनने, खाली मऊ रबराचा तुकडा ठेवून, मागच्या बाजूने मुद्दाम अशा रेघा ओढून बघ. पुढून पांढरी नक्षी उठते. पार्चमेंट क्राफ्टची बरीचशी करामत याच्यावरच चालते.

(आजीने नाव ऐकून नाक मुरडलं तर सांग, मूळचा व्हेलम वासराचं कातडं चुन्यात भिजवून, ताणून, खरवडून करत. आपला लाकडाच्या लगद्याचा आहे, देवघरात ठेवला तरी चालेल.)

आता शाई. तू वापरलीस ती पाण्यातली, कागदात मुरून वाळणारी. ती इथे विसर. स्टॅझऑनसारखी सॉल्व्हंटची शाई हवेत उडून वाळते, म्हणून व्हेलमवर टिकते. काही मिनिटं हात लावू नकोस आणि खिडकी उघडी ठेव, वास उग्र असतो. पारदर्शक फोटोपॉलिमरच्या ठशांना ती फारशी मानवत नाही. तिच्यासाठी लाल रबराचा ठसा घे आणि काम झाल्या झाल्या तिच्याच क्लीनरने पूस. ठसा सरळ खाली दाब, डोलवू नकोस, सरळ वर उचल. गुळगुळीत कागदावर तो केसभर जरी सरकला तरी चित्राला सावली येते.

पण मला विचारशील तर व्हेलमवर पांढऱ्या एम्बॉसिंगसारखं दुसरं काही खुलत नाही. त्यात शाई ओली राहणं हीच सोय होते, कारण एम्बॉसिंगची, तापवल्यावर वितळणारी पावडर ओल्या शाईलाच चिकटते. वर्सामार्कसारखी चिकट, बिनरंगी शाई घे. आधी मलमलीच्या पुरचुंडीत थोडी टाल्कम पावडर बांधून कागदावर हलकेच फिरव. नाहीतर बोटांच्या तेलकटपणाला आणि स्थिर विजेला पांढरे कण जिथे तिथे चिकटतात. मग ठसा, त्यावर भरपूर एम्बॉसिंग पावडर, जादाची झटकून परत डबीत. उरलेसुरले कण कोरड्या बारीक ब्रशने उचल. एवढं होईपर्यंत पंखा बंद, हे सांगायला नकोच.

खरी गंमत तापवताना. हेअर ड्रायरने होत नाही, तो पावडर उडवतो आणि तेवढा तापतही नाही. क्राफ्टची छोटी हीट गन आण. ती आधी नुसतीच चालवून गरम होऊ दे, मग कागदाखालून, थोडं अंतर ठेवून, सतत हलवत धर. कागद चिमट्यात पकड, बोटात नको. एका जागी थांबलीस की व्हेलम वाळलेल्या पानासारखा आक्रसतो, कारण त्यातली ओल एका बाजूने झपाट्याने उडते. थोडा बाक येईलच, घाबरू नकोस. पावडर वितळून चकचकीत झाली की लगेच थांब, आणि गार झाल्यावर जाड पुस्तकाखाली दाब. तापवताना खाली एखादी जुनी फरशी किंवा फळी घे. आईचा पोळपाट घेतलास तर मी जबाबदार नाही.

रंग भरायचे तर मागून भर. रंगीत पेन्सिल किंवा अल्कोहोल मार्कर चालतो. जलरंग नको, सुरकुत्या पडतात. पुढून तो रंग धुक्याआडून आल्यासारखा मऊ दिसतो आणि पांढरी रेघ स्वच्छ राहते. आणखी एक मजा म्हणजे, मागच्या बाजूने ठसा मारलास की पुढून तो उलटा दिसतो. एकाच ठशातून समोरासमोर बघणारे दोन पोपट! अक्षरांच्या ठशाला मात्र हे करू नकोस.

अक्षरांवरून आठवलं. ‘शुभ दीपावली’ मराठीत हवं म्हणून ऑनलाइन शोधत बसू नकोस. ऑफिसचे शिक्के करून देणाऱ्याकडे जा, तुझ्या अक्षरातला कागद दे आणि मुठीचा रबरी शिक्का करून माग. आत शाई भरलेला, आपोआप उमटणारा घेऊ नकोस, त्यात आपली शाई वापरता येत नाही. त्याच्याकडचं जांभळं पॅडही नको; पुन्हा तोच फराटा.

चिकटवणं ही व्हेलमची सगळ्यात मोठी अडचण, कारण डिंकाचा ठिपका आरपार दिसतो आणि फेविकॉलने कागद फुगतो. लग्नपत्रिकेतला गणपतीवरचा बटर पेपर आठव. तो घडीत, एका कडेलाच चिकटवलेला असतो. तसंच कर. एक सेंटिमीटर पट्टी मागे दुमडून कार्डाच्या कण्यापाशी दुहेरी टेप लाव. नाहीतर दोन भोकं पाडून रिबन ओव. भरगच्च पांढऱ्या एम्बॉसिंगच्या मागे टेपचा तुकडा लपतो, पण पातळ नक्षीमागे तो उघडा पडतो.

कागद घेताना ‘ट्रेसिंग पेपर’ म्हणून विचार, ड्रॉइंगचं सामान विकणाऱ्याकडे मिळेल. पण ९० जीएसएमच्या खाली जाऊ नकोस, पातळ कागद उष्णता सोसत नाही. गुंडाळीपेक्षा सुटे ताव बरे, ते सपाट ठेवता येतात. पावसाळ्यात ते प्लॅस्टिकमध्ये, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेव.

आणि आतला मजकूर व्हेलमवर लिहू नकोस, जेलपेन तिथे हमखास पसरतो. खालच्या कार्डावर लिही. मामीच्या कार्डावर जरा मोठ्या अक्षरात, तिला चष्मा शोधायला लावू नकोस.