हेतू आणि परिणाम

किशोरवय हा मनाच्या जडणघडणीचा काळ होय. पुष्कळ मानसिक विकारांचा प्रारंभ याच वयात होतो. म्हणून मुलांना आधार देण्यासाठी योजना आखल्या जातात व त्यांवर पैसा खर्च होतो. परंतु योजनेमागील हेतू चांगला आहे एवढ्यावरून ती उपयोगी ठरत नाही. तिचा परिणाम तपासून पाहणे हाही मदतीचाच भाग मानला पाहिजे.

या दृष्टीने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात झालेला 'सेहेर' हा प्रयोग बोधप्रद आहे. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेतील संशोधकांनी तो हाती घेतला. मॅकआर्थर प्रतिष्ठान व संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी यांनी त्यास अर्थसाहाय्य दिले. २०१५-१६ मध्ये ७४ सरकारी माध्यमिक शाळांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, तीन गट पाडण्यात आले. जीवनकौशल्यांचे वर्ग सर्वच शाळांत होते. त्याखेरीज एका गटात प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यात आला. त्याच्याजवळ मानसोपचाराची पदवी नव्हती. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतील एका शिक्षकाकडे सोपविण्यात आले. तिसऱ्या गटात नुसते वर्गच चालले. भित्तिपत्रक, मनातील गोष्ट लिहून टाकण्याची पेटी, मुलांची मंडळे आणि अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याशी एकांतात बोलणे असे या कामाचे स्वरूप होते.

आठ महिन्यांनंतर नववीच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. समुपदेशक असलेल्या शाळांतील वातावरण स्पष्टपणे सुधारले होते; खिन्नता, परस्परांचा छळ व मारामारी कमी झाली होती. दुसऱ्या वर्षी हा फरक आणखी वाढला. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळा मात्र तिसऱ्या गटाहून सरस ठरल्या नाहीत. शिकविण्याचा भार आधीच वाहणाऱ्या शिक्षकाला या कामास वेळ मिळणे अवघड, आणि ज्याच्या हाती गुण व शिक्षा असतात त्याच्यापाशी मन मोकळे करणे मुलांनाही अवघड, हे त्याचे कारण असू शकेल.

तुलना केली नसती तर काय झाले असते? शिक्षकांना वेगळे वेतन द्यावे लागत नाही; तेव्हा तीच योजना स्वस्त म्हणून सर्वत्र पसरली असती आणि मुले होती तेथेच राहिली असती.

ब्रिटनमधील अनुभवही असाच आहे. वेलकम न्यासाच्या साहाय्याने ८५ शाळांतील आठ हजारांवर विद्यार्थ्यांवर सजगतेच्या शिक्षणाचा प्रयोग झाला. नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्याचा अधिक लाभ होत नाही, असे २०२२ मध्ये दिसून आले. असा नकारात्मक निष्कर्ष म्हणजे पैशाचा अपव्यय नव्हे. पुढील मोठा अपव्यय त्यामुळे टळू शकतो.

यावरून निधी देणाऱ्यांचे कर्तव्य स्पष्ट होते. योजनेच्या खर्चातच मूल्यमापनाची तरतूद हवी. निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध झाला पाहिजे. आणि मदत मिळाली असे म्हणण्यापूर्वी ती पोहोचली काय, हे मुलांनाच विचारले पाहिजे.