ठिबकची ॲसिड ट्रीटमेंट: धंद्याआधी एनआरव्हीची चाचणी शिका



ठिबक सर्व्हिसिंग हा आपल्या परभणी जिल्ह्यात कमी भांडवलात सुरू होणारा धंदा आहे. ऊस असो, हळद असो, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ड्रिपर चोंदतात. ॲसिड सोडून पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ४ पर्यंत आणला की पांढरा क्षार विरघळतो. काम सोपं वाटतं, पण एका चुकीत शेतकऱ्याची मोटर आणि तुमचं नाव, दोन्ही जातं.

धोका कुठे आहे?

व्हेंचुरी टाकीतलं ॲसिड ओढत असते आणि अचानक लाइट जाते. पंप बंद. पाइपातलं पाणी उलटं बोअरमध्ये उतरायला लागतं आणि जाताना ॲसिडही ओढून नेतं. पंपाचे धातूचे भाग गंजतात. त्याच बोअरचं पाणी घरात प्यायला असेल तर प्रश्न पैशाचा राहत नाही.

स्विमिंग पूलच्या हीटरलाही हाच नियम आहे. तिथे क्लोरीन हीटरच्या पुढे सोडतात आणि मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात, नाहीतर आतली तांब्याची नळी खराब होते.

जोडणीचा क्रम

आधी पंप, मग एनआरव्ही, मग व्हेंचुरी. एनआरव्हीवरचा बाण शेताकडे हवा. टाकीतून येणाऱ्या नळीवर दुसरा छोटा एनआरव्ही आणि एक कॉक लावा.

साध्या पाण्याने चाचणी

१. टाकी जमिनीवर ठेवा, त्यात साधं पाणी भरा.
२. पंप चालू करा, व्हेंचुरी ओढू द्या.
३. पंप बंद करून लगेच शेताकडचा व्हॉल्व्ह बंद करा. टाकीचा कॉक उघडाच ठेवा.
४. टाकीतल्या पातळीवर खूण करा, १० मिनिटं थांबा.

पातळी उतरली तर मुख्य एनआरव्ही गळतोय. पातळी चढली तर नळीवरचा एनआरव्ही धरत नाही. दोन्हीपैकी काहीही झालं तर ॲसिडच्या कॅनचं झाकणसुद्धा उघडायचं नाही.

न चुकता पाळा

पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

आता धंद्याचं बोलू

चाचणी आणि एनआरव्ही हे दरपत्रकात वेगळ्या ओळीत लिहा. शेतकरी म्हणेल, "एवढ्या खेपेला राहू द्या की भाऊ." तेव्हा नम्रपणे सांगा, "दादा, व्हॉल्व्ह बसल्याशिवाय मी ॲसिड सोडत नाही." स्वस्तात काम करणारे गावात आणखी निघतील. मोटर सांभाळणारा माणूस मात्र पुढच्या हंगामात पुन्हा बोलावला जातो.

गृहपाठ: ओळखीच्या तीन शेतांवर ही चाचणी फुकट करून द्या. तारीख, जोडणी आणि निकाल वहीत लिहा. तीच वही तुमचं पहिलं व्हिजिटिंग कार्ड!